पालखी थांबत नाही ते घर

करुणानं काढलेलं ते घर मी पाहिल्याबरोबर ओळखलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर सगळं काळं आणि राखाडी होतं. आभाळ राखाडी, कातळ काळा, शेतांमधले दगडी गडगे त्याहून काळे. रंग म्हणून कुठं नव्हताच. पण पायरीचा खालचा चिरा एका अंगाला कललेला होता, पडवीच्या कोपऱ्यावर रातांब्याचं वाकडं झाड होतं, आणि छपराची कौलं फुटली तिथं प्लास्टिक टाकून वर दगड ठेवले होते. असं घर आमच्या गावात एकच आहे.

"हे विठूचं," मी म्हणालो.

"ओळखलंत ना?" करुणाला आनंद झाला. "आबा, एवढं एकच घर मी न बघता काढलं. बाकीच्या घरांचे फोटो घ्यावे लागले."

करुणा माझी नात. चित्रकला शिकली आणि रत्नागिरीत ऋत्विकच्या कंपनीत लागली. कंपनी म्हणजे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. तिथं ती दोघं गेम बनवतात. ऋत्विक आमच्याच गावचा, वरच्या कुणबीवाडीतला. आम्ही खालच्या बौद्धवाडीतले. दोघं एकाच शाळेत होती. हा त्यांचा पहिला मोठा गेम. तो नुकताच बाहेर पडला होता आणि लोक तो घेत होते, म्हणून करुणा मला दाखवायला घरी घेऊन आली होती.

गेम असा. एक मुलगी आहे, नुसती काळी सावली, हातात कंदील. शिमग्याच्या दिवशी तिचा बाप विहिरीत मेलेला सापडला आहे आणि त्याला कुणी मारलं ते तिला शोधायचं आहे. ती गावातून धावते. गडग्यावरून उडी मारते, कौलांवर चढते, वहाळाच्या पाण्यावरचा लाकडी साकव ओलांडते, दगड ढकलून त्यावर पाय देते. आणि मागं, झाडांच्या पलीकडून, देवीची पालखी घरोघर चाललेली असते. मशाली, ढोल. पालखी ज्या घरी थांबते त्या घरावर मशालींचा उजेड पडतो, आणि तेवढ्या उजेडात काहीतरी दिसतं. कुठं ओल्या पावलांचे ठसे, कुठं तुटलेला दोर, कुठं एकटी चप्पल. पालखी हलली की पुन्हा अंधार. म्हणून मुलीनं पालखीच्या आधी त्या घरी पोचायचं.

करुणानं मला खेळायला दिलं. मुलगी तीनदा-चारदा विहिरीत पडली.

"आबा, उडी मारा ना!"

"मारली."

"उशिरा मारलीत."

"या वयात लवकर कुठून मारू?"

ती हसली आणि तिनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. मग ती खेळत गेली आणि मी बघत गेलो. चित्रं फार चांगली होती. कातळावरचं वारं ऐकू येत होतं. नकळत मी पडद्याच्या जवळ सरकलो होतो.

शेवटी सगळी घरं उजळून झाली. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, परत जाऊन बसली. पडद्यावर अक्षरं आली. मी ती सावकाश वाचली. 'पालखी जिथं थांबत नाही, तिथं जा.'

मुलगी रातांब्याच्या झाडावरून अंधाऱ्या अंगणात उतरली. दार आपोआप उघडलं. आत एक म्हातारा पाठमोरा बसला होता. मुलीनं कंदील वर केला. म्हातारा काही वळला नाही. गेम संपला.

"म्हणजे याच्या घरी पालखी थांबत नाही म्हणून हा खुनी?" मी विचारलं.

"हो. तेच तर कोडं आहे. सगळे पावलांच्या मागं लागतात, चपलेच्या मागं लागतात. पण खरी खूण उजेडात नाहीच, अंधारात आहे. लोकांना हेच आवडलंय."

"हे कुणी ठरवलं?"

"गोष्ट ऋत्विकची आहे. मी फक्त चित्रं काढली."

"आणि त्याला कुणी सांगितलं?"

करुणानं लॅपटॉप मिटला. "सांगायला कशाला हवं, आबा? वरच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे. विठूआजोबांनी भावाला विहिरीत ढकललं म्हणून पालखी त्यांचं घर घेत नाही. लहानपणी शाळेत पोरं सांगायची. मला पटायचं नाही. मी तर त्यांच्याकडे रातांबे खायला जायचे."

"पटायचं नाही, तर घर का काढलंस?"

"ऋत्विक म्हणाला, पालखी न जाणारं घर काढ. माझ्या हातून तेच आलं."

मला इतकी वर्षं हे ठाऊक नव्हतं. वरच्या वाडीतली पोरं आपसांत काय बोलतात ते आमच्या वाडीत कसं कळणार?

विठू, त्याचा भाऊ रघू आणि मी एका चिरेखाणीत कामाला होतो. तेव्हा चिरे कापायला यंत्रं आलेली नव्हती, टिकावानं काढायचो. रघू धाकटा, बिनलग्नाचा, अंगानं काटक. शिमग्यात गावची पालखी नाचवावी तर त्यानंच. पालखी डोक्यावर घेऊन तो असा फिरायचा की बघणारे दोन पावलं मागं सरायचे, आणि पालखीचा गोंडासुद्धा कधी कुणाला लागला नाही. माझ्या बापानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून आमच्या वाडीत पालखी नाही, ती आम्हीच बंद केली. पण रघूचं नाचणं बघायला मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांच्या परसात दोघा भावांनी मिळून खणलेली विहीर होती. एका उन्हाळ्यात दिवेलागणीला रघू पाणी काढत होता, काठाचा चिरा त्याच्या पायाखालून निसटला. विठू गोठ्यात होता. मी खाणीवरून घरी चाललो होतो, विठूची हाक ऐकून धावलो. मी पोचलो तेव्हा विठू विहिरीत होता. त्यानं उडी टाकली होती आणि रघूचं डोकं पाण्याच्या वर धरून तो उभा होता. पाणी छातीभर. रघूचं डोकं मागून फुटलं होतं. निसटलेला चिरा पुढं पाणी उपसल्यावर तळाला सापडला. पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात म्हणून लिहिलं गेलं. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या शिमग्याला रघूचं वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून पालखी त्यांच्या घरी गेली नाही. ती रीतच आहे. त्याच्या पुढच्या शिमग्याला मानकऱ्यानं निरोप पाठवला, की यंदा पालखी घर घेईल, तयारी ठेव. मी तेव्हा विठूच्या पडवीत बसलो होतो. विठू निरोप्याला म्हणाला, "येऊ नका सांग. नाचवणारा गेला. माझ्या अंगणात दुसऱ्या कुणी नाचवलेली माझ्यानं बघवणार नाय."

निरोप्या गेला. पालखी आली नाही. तिसऱ्या वर्षी निरोपही आला नाही. तो मानकरी मानी माणूस होता. देवीला कुणी येऊ नको म्हणालं, हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटली असणार. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. निरोप्या मुंबईला गेला, तिकडेच वारला. मग जी पोरं वाढली त्यांना एवढंच दिसलं, की पालखी सगळीकडे जाते आणि एका घरापाशी वाट सोडते. त्या घरात एक माणूस विहिरीत मेला आहे एवढंही त्यांना कळलं. उरलेलं त्यांनी जोडलं. जमीन एकट्याला राहिली, असंही कुणीतरी त्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी मी करुणाबरोबर सकाळच्या एस.टी.नं रत्नागिरीला गेलो. ऋत्विकनं मला बघून खुर्ची पुसली, खाली चहा सांगितला.

"आजोबा, गेम खेळलात? कुठपर्यंत गेलात?"

"विहिरीपर्यंत."

"सगळे तिथंच अडकतात," तो हसत म्हणाला.

मग मी त्याला रघूचं सांगितलं. पालखी का बंद झाली ते सांगितलं. पोरगा वाईट नाही. त्यानं मधे एकदाही माझं बोलणं तोडलं नाही. त्याचा चहा गार झाला.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "आमची आजीसुद्धा त्या घरावरून जाताना पदर ओढून घ्यायची. मी विचारलं तर म्हणायची, पालखी जात नाही तिथं आपण बघू नये."

"ऋत्विक, पालखी तर आमच्या वाडीतही येत नाही. मग आम्ही सगळे खुनी का?"

"तुमचं वेगळं आहे, आजोबा."

"वेगळं म्हणजे कसं?"

करुणा खिडकीतून खाली रिक्षा बघत होती.

"तुमच्याकडे न येण्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे," तो शेवटी म्हणाला.

"बरोबर बोललास. विठूचं कारण माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही ते बनवलंत."

त्यानं डोकं खाली घातलं. मग हळू आवाजात म्हणाला, की गेममध्ये कुणाचं नाव नाही, गावाचंही नाही. शेवट काढला तर सगळं कोडंच कोसळतं, कारण पहिल्या उडीपासून सगळं त्या अंधाऱ्या घरासाठी रचलेलं आहे. पण घराचं चित्र बदलता येईल. करुणा लगेच म्हणाली, "मी आजच बदलते."

तिनं बदललंही. रातांब्याचं झाड काढलं, कललेला चिरा सरळ केला, प्लास्टिक काढून कौलं घातली. आता ते कुणाचंही घर झालं. मला वाटलं, झालं काम.

पण आमच्या गावात ते घर कुणी झाडावरून ओळखतच नव्हतं.

शिमग्याला चाकरमानी आले. मुंबईहून रातराणी एस.टी.नं आलेली पोरं, मोबाइलवर गेम खेळून झालेली. होळी व्हायच्या आधीच ती विठूच्या गडग्यापाशी उभी राहायला लागली. एकानं घराकडे पाठ करून फोटो काढला. एक जण हातात कंदील घेऊन आला होता. एकीनं गडग्यावरून अंगणात उडी मारली आणि तिच्या मैत्रिणींनी तिचं चित्रण केलं. कुणी विठूला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. बघत होती, हसत होती, जात होती.

मी गेलो तेव्हा विठू पडवीत बसून झाडूच्या काड्या सोलत होता. त्याची बायको गेली त्याला बराच काळ झाला. मुलगी चिपळूणला दिली आहे. तो एकटाच राहतो.

"गंगाराम, ह्या पोरांचं काय हाय रं?" त्यानं विचारलं. "माझ्या घराचे फोटू काढतात. मी इचारलं, घर इकायला काढलंय असं कुनी सांगितलं काय? तर पळून गेली."

मी त्याला सांगितलं, की ऋत्विकनं मोबाइलचा एक खेळ केला आहे. त्यात एक घर आहे, पालखी तिथं थांबत नाही. आणि तिथं खुनी राहतो.

"कुनाचा खुनी?"

"विहिरीत मेलेल्या माणसाचा."

काडी सोलता सोलता त्याचा हात थांबला. मला वाटलं आता ओरडेल. पण तो थोडा वेळ परसाकडे बघत बसला आणि मग चक्क हसला.

"पोरं ती. त्यांना काय ठावं? रघूला बघितलेलं बी नाय त्यांनी. पालखी माझ्याकडं येत नाय म्हणून म्हणतात ना? मग येऊ दे की. मीच नको म्हटलं होतं, मीच ये म्हणतो. एकदा पालखी अंगणात नाचली की पोरांची तोंडं बंद."

"तुला बघवेल?"

"आता डोळ्यांना दिसतंय कुठं नीट," तो म्हणाला.

मी त्याला पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं, की हे नुसतं पोरांचं बोलणं नाही. पण तो उठून खुंटीवरचा सदरा घालायलाही लागला होता. इतक्या वर्षांत त्याला एवढ्या लगबगीनं काही करताना मी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "चल, मी पण येतो."

आताचा मानकरी बाळा. जुन्या मानकऱ्याचा मुलगा, पन्नाशीचा, बोलायला मऊ. पालखीची बैठक त्याच्याच घरापुढच्या खळ्यात चालू होती. कुठल्या घरापासून सुरुवात, कुणाच्या घरी पालखीचा मुक्काम, हे ठरत होतं. ऋत्विकही तिथं होता. या वर्षी त्याचा पालखीला खांदा होता.

"गंगारामदादा, तुमी पालखीच्या बैठकीला?" कुणीतरी हसून म्हणालं. "परत येताय की काय आमच्यात?"

"विठूला चढ चढवत नाही, हात धरायला आलो," मी म्हणालो. "तुमची देवी तुम्हांलाच लखलाभ."

सगळे हसले. बाळानं मला खुर्ची दिली, विठूला दिली. विठू बसला नाही. उभ्यानंच त्यानं हात जोडले.

"बाळा, यंदा पालखी माझं घर घेऊ दे. मी तयारी ठेवतो."

बाळानं पानाचा डबा उगीच उघडला आणि मिटला. एकमेकांकडे बघणं सुरू झालं. बैठकीत नुसती पोरं नव्हती. विठूपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान माणसंही होती.

"विठूदादा," बाळा म्हणाला, "सोडलेलं घर परत घ्यायचं म्हंजे..."

"सोडलेलं नाय. मी नको म्हटलं होतं. तुझ्या बापाशीला निरोप दिला होता."

"आमचा बापूस कवा असं बोलला नाय."

"मी तिथं होतो," मी म्हणालो आणि निरोपाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. एक-दोघांनी माना हलवल्या. पण मी विठूचा मित्र, शिवाय दुसऱ्या वाडीतला. माझं बोलणं ऐकून घेणं वेगळं आणि धरणं वेगळं, ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बाळानं डबा बाजूला ठेवला. मग तो अगदी मायेनं बोलला, त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

"विठूदादा, असं करू या. माझं काय म्हणणं नाय. पण गावात चार तोंडं हायत. तुमी सहाणेवर या, देवीपुढं नारळ ठेवा, आणि एवढंच बोला, की भावाच्या मरणात माझा हात नाय. मग पालखी तुमच्याकडं वाजत-गाजत येईल. मी सोता पुढं चालेन."

विठूला आधी कळलंच नाही. तो बाळाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं एकेकाकडे पाहिलं. ज्यांच्याबरोबर भात लावलं, ज्यांच्या मयताला खांदा दिला, त्या सगळ्यांकडे.

"म्हंजे तुमी त्याच्यासाठी येत नव्हता?" त्यानं विचारलं.

एक जण उठून चपला शोधायला लागला.

"मला वाटायचं," विठू म्हणाला, "मला वाटायचं गाव माझा शब्द राखतंय. दरसाल पालखी कोपऱ्यावरनं वळायची, मी आत बसून हात जोडायचो. म्हणायचो, बघ रघू, अजून तुझं दुःख गाव पाळतंय."

ऋत्विक मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"विठूदादा, बोलून टाका ना एकदा," बाळा अजीजीनं म्हणाला. "एका वाक्याचं काम हाय."

"तुमी मला इचारलंत कवा? इतक्या वर्सांत एकानं तरी दारात येऊन इचारलं, विठू, तू ढकललास काय? तर मी सांगितलं असतं. आता देवीला मधी घालता? देवीला ठाऊक हाय. ठाऊक नाय ते तुमाला."

तो वळला. उतारावर मी त्याचा हात धरायला गेलो, त्यानं तो झटकला. त्यानं मलाही विचारलं नाही, की तुला हे ठाऊक होतं का.

शपथ झाली नाही, म्हणून पालखी त्याचं घर घेणार नाही हे ठरल्यासारखंच होतं. तरी ज्या दिवशी त्या बाजूची घरं होती त्या दिवशी विठूनं अंगण सारवलं. मी दुपारपासून त्याच्याकडेच होतो. पडवीत पालखी टेकवायला पाट मांडला होता, त्यावर धुतलेलं धोतर घडी करून अंथरलं होतं, तबकात हळदकुंकू. मी विचारलं, "कशाला?"

"ऱ्हवदे," तो म्हणाला. "आलीच, तर अंगण उघडं नको."

सूर्य कातळाआड गेला तसे ढोल जवळ आले. वरच्या घरचं आटोपून पालखी पायवाटेनं खाली येत होती. पुढं दोन मशाली, मागं माणसं. विठू खांबाला धरून उभा राहिला. जिथं वाट फुटते, एक त्याच्या घराकडे आणि एक वहाळाकडे, तिथं पालखी आली. पुढच्या दांडीला उजव्या अंगाला ऋत्विक होता. तो थांबला.

तो थांबला म्हणून पालखी थांबली. ढोलवाला गोंधळला, एक-दोन थापा चुकल्या. मशालीचा उजेड गडग्यावरून आत आला आणि सारवलेल्या अंगणावर पडला.

"काय झालं रं? चल फुडं!" मागून कुणीतरी ओरडलं.

ऋत्विकनं पाय विठूच्या वाटेकडे वळवला. पण पालखी एका खांद्यानं वळत नाही. त्याच्या शेजारचा हलला नाही, मागचे हलले नाहीत. पालखी तिरपी झाली. बायका किंचाळल्या. बाळा धावत पुढं आला, "अरे देवीला पाडशील!" आणि त्यानं ऋत्विकच्या खांद्यावरून दांडी आपल्या खांद्यावर घेतली. पालखी सरळ झाली. ढोलानं ठेका धरला आणि पालखी वहाळाच्या वाटेनं गेली. उजेड अंगणातून गडग्यावर गेला, गडग्यावरून झाडांवर, आणि मग दिसेनासा झाला.

ऋत्विक एकटा वाटेवर उरला. पालखी अर्ध्यावर सोडणं ही लहान गोष्ट नाही, त्याची त्याला पुढं गावात बोलणी खावी लागणार होती. तो अंगणात आला. अनवाणी होता, अंगभर गुलाल होता, धापा टाकत होता. विठूसमोर उभा राहिला आणि त्यानं एकदम विचारलं,

"आजोबा, तुम्ही रघूआजोबांना ढकललंत का?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण विठू शांत होता. त्यानं पोराकडे नीट बघितलं, जणू बराच वेळ ज्याची वाट पाहिली तो माणूस आला आहे.

"नाय," तो म्हणाला. "चिरा सुटला. मी गोठ्यात होतो. आवाज आला तेव्हा मला वाटलं घागर पडली. मी लगेच उठलो नाय. दूध काढणं पुरं करून उठलो. तेवढंच."

हे मलाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

ऋत्विकच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी गेमचा शेवट बदलतो, आजोबा. कसाही बदलतो. नाहीतर गेमच काढून टाकतो."

"तुझा गेम ऱ्हवदे," विठू म्हणाला. "तू इचारलंस, मी सांगितलं. तुला पटलं काय, ते सांग."

ऋत्विकनं तोंड उघडलं. आणि थांबला. काही फार वेळ नाही. पण लहानपणापासून त्या घराकडे न बघता तो मोठा झाला होता, आणि ते घर त्यानं मनात किती काळ कसं कसं रचलं होतं, हे सगळं त्या थांबण्यात होतं. त्याला मानायचं होतं. मला त्याच्या तोंडावर दिसत होतं की त्याला फार मानायचं होतं.

"हो," तो म्हणाला.

विठूनं मान हलवली. "बरं," म्हणाला. मग त्यानं खाली वाकून पाटावरचं धोतर उचललं, घडी खांद्यावर टाकली, तबक उचललं आणि तो आत गेला. दार लावलं. आतून अडसर घातल्याचं आम्हां दोघांना ऐकू आलं.

मी दोनदा हाक मारली. ओ आली नाही.

पलीकडच्या वाडीत पालखी पोचली असावी, तिकडून ओरडा ऐकू येत होता. अंगणात आता काही दिसत नव्हतं, ऋत्विकही नीट दिसत नव्हता. तो माझ्याजवळ आला आणि पायरीवर बसला.

"आजोबा," तो म्हणाला, "मी हो म्हणालो ना?"

"म्हणालास," मी म्हणालो.